दोघांची मंडळी

नंदुरबारच्या फलाटावर पपांनी प्रार्थना सुरू केली तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. पपांना घाई ठाऊक नव्हती. डोळे मिटून, टोपी काखेत धरून त्यांनी आधी गेल्या दिवसांबद्दल आभार मानले, मग योहानच्या नोकरीसाठी, मग सुरत शहरासाठी, मग इंजिन चालवणाऱ्या माणसासाठी आशीर्वाद मागितला. गार्डाची शिट्टी झाली. योहान ट्रंक आत ढकलून दारात उभा राहिला होता. माझी नवी साडी पायात येत होती आणि मी एक डोळा किलकिला करून पपांकडे बघत होते. "आमेन" झालं तेव्हा डबा हलला होता. मी धावले, योहाननं मनगटाला धरून आत ओढलं, आणि वळून पाहीपर्यंत फलाट मागे गेला होता. आईचा चेहरा नीट दिसलाच नाही. नुसता आवाज ऐकू आला, "रविवार चुकवू नकोस गं, मार्था!"

मला एकोणिसावं संपायचं होतं. लग्नाला महिना झाला होता.

भावंडांनो, तुमच्यापैकी जे मागे राहिले त्यांना अजून वाटतं की आम्ही निघालो ते मजेत निघालो. आणि जे माझ्यासारखेच कुठे कुठे गेले, पुण्याला, मुंबईला, अहमदाबादला, त्यांना काही सांगायला नको. तरी लिहितेय. त्या वर्षांबद्दल मी तुमच्याशी कधी धड बोललेच नाही.

पपा मिशनच्या शाळेत मास्तर. मूळचे नगरकडचे, पण आपण सगळी भावंडं नंदुरबारजवळच्या त्या छोट्या गावात वाढलो. घरात नगरी मराठी आणि अंगणात अहिराणी. देऊळ म्हणजे चुन्यानं रंगवलेली एक लांब खोली. तिथं कोण कुठे बसणार हे ठरलेलं, कोणाचा सूर कुठे चुकणार हेही ठरलेलं. योहान मिशनच्या बोर्डिंगात वाढला. आईवडील लहानपणीच गेलेले. फिटरचं काम शिकला आणि सुरतेजवळ उधन्याला एका डाईंग मिलमध्ये लागला. त्याचा आवाज असा होता की तो गायला लागला की पपा पेटी वाजवता वाजवता थांबायचे.

उधन्याची आमची खोली पत्र्याची. दोन्ही बाजूंना कापड विणायच्या लूमचे कारखाने, त्यांची खटखट दिवसा काय आणि रात्री काय. पहिले काही दिवस मला वाटायचं, हा आवाज थांबला की मी नीट विचार करीन. तो कधी थांबलाच नाही. दारासमोरच्या गटाराचं पाणी मिलच्या रंगाप्रमाणे एक दिवस गुलाबी, एक दिवस जांभळं. शेजारी सखूमावशी आणि भिकाभाऊ राहत. धुळ्याकडचं बौद्ध कुटुंब. भिकाभाऊ योहानच्याच मिलमध्ये. मावशीनं पहिल्या दिवशी दारात उभं राहून विचारलं, "कोनता गावनी तू?" आणि अहिराणी ऐकून मला रडूच आलं. ती म्हणाली, "आते काय झायं? मी शे ना!"

आईच्या शब्दाप्रमाणे रविवार चुकवला नाही. देऊळ शहरात होतं, आणि उपासना गुजरातीत. हा शब्द मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा, आपलं देऊळ, त्यांचं देवळ. बाकी काही कळायचं नाही. पाळकसाहेब बोलत असायचे आणि मी एखादा ओळखीचा शब्द पकडायला टपलेली असायचे. दया, प्रार्थना, शांती. गाण्याची चाल कधी कधी आपलीच निघे. एकदा मी न राहवून मराठी शब्द म्हणायला लागले. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली आणि मी तोंड मिटलं. तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी त्यांचं गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि ओळीखाली बोट ठेवून बोट हळूहळू पुढे नेत राहिल्या. त्या मार्गरेटबेन. एका प्रसूतिगृहात मोठ्या नर्स होत्या. मला गुजराती वाचता येत नव्हतं, हे त्यांना नंतर कळलं. पण त्या दर रविवारी बोट ठेवत राहिल्या, आणि मी त्या बोटाकडे बघत अक्षरं शिकले.

खरी उपासना आमच्या खोलीत व्हायची. योहान पाळीवरून आला, अंघोळ झाली, की आम्ही दोघं चटईवर बसायचो. तो एक गीत धरायचा, मी पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचे, मग प्रार्थना. "दोघांची मंडळी," योहान म्हणायचा, "आणि वर्गणी गोळा करायची कटकट नाही." सखूमावशी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची. "तुना नवरा गास चांगला," म्हणायची. "देव काय म्हनस ते माले समजत नही, पन गानं चांगलं शे." तो काळ मी नंतर फार वेळा मनात उलटापालटा करून पाहिला. आम्ही सुखी होतो. आणि मला दिवस गेले होते.

भिकाभाऊ दुपारी घरी येत नसत. त्या दिवशी आले. दारात उभे राहिले, आत येईनात. मी चुलीवरचं भांडं उतरवलं. मला आठवतं, उतरवून मी त्यावर झाकणही ठेवलं. मग विचारलं, "जिवंत आहेत ना?"

मिलमध्ये वाफेचा नळ फुटला होता. योहान त्याच्या अगदी समोर होता. सरकारी दवाखान्यात मला दिसला तो कापसात गुंडाळलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, डोळे वाचले. पण वाफ तोंडात गेली होती, घशात. आवाजाचं काही सांगता येणार नाही, असं ते म्हणाले तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. जीव राहू दे, एवढंच मी मागत होते.

पुढच्याच आठवड्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. आठवा महिना. सखूमावशीनं घोडागाडी करून मला मार्गरेटबेनकडे नेलं. मुलगी झाली. ती रडली नाही. मार्गरेटबेननी तिला खूप वेळ चोळलं, फुंकर घातली, पायाला धरून उलटी केली. थोडा वेळ तिनं श्वास घेतला. त्या थोड्या वेळात तिला त्यांनी माझ्या छातीवर ठेवलं, आणि मग मला कळलं की आता ती नुसती ठेवलेली आहे.

पाळकसाहेब खेड्यांतल्या मंडळ्यांना भेटायला गेले होते. पपांना तार केली, पण ते पोचेपर्यंत थांबता येत नव्हतं. वैशाखातलं ऊन होतं. योहानला तर अजून सांगितलंही नव्हतं. ओल्या बाळंतिणीनं कबरस्तानात जायचं नसतं, असं तिथली आया म्हणाली. मी म्हटलं, मग कोण जाणार? भिकाभाऊंनी गाठोडं हातात घेतलं. मी मावशीच्या आधारानं चालले. मार्गरेटबेन छत्री धरून होत्या.

कबरस्तान नदीच्या अंगाला होतं. लहान मुलांच्या कबरी एका बाजूला ओळीनं. मार्गरेटबेननी गुजरातीत प्रार्थना केली. चांगलीच केली असणार. पण मला ती माझ्या डोक्यावरून जात असल्यासारखी वाटली. दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी चालली आहे असं. प्रार्थना संपली. भिकाभाऊ खाली वाकले. तेव्हा सखूमावशीनं मला कोपरानं ढोसलं.

"तू बोल ना."

"मला नाही येत, मावशी."

"तुना देवले तुनी बोली समजस का नही?"

"समजते."

"मंग बोल. मोठ्यानं बोल. पोरले बी ऐकू दे."

मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तिचं नाव कृपा ठेवलं, ते मोठ्यानं म्हटलं. तिचे वडील दवाखान्यात आहेत म्हणून आले नाहीत, हे देवाला सांगितलं, जसं काही त्याला माहीत नव्हतं. आणि हिला गार लागू देऊ नकोस, असं म्हटलं. त्या उन्हात.

आई आणि पपा आले. आई म्हणाली, "चल घरी. तो बरा झाला की येईल तोही." पपा म्हणाले, "देवाची इच्छा." पपांवर माझं सगळ्यांत जास्त प्रेम होतं, पण त्या दोन शब्दांसाठी मी त्यांच्याशी नंतर बराच काळ मोकळेपणानं बोलू शकले नाही. मी गेले नाही. योहानला सोडून कुठे जाणार? ते परत गेले त्या संध्याकाळी मला दूध आलं. पदर भिजलेला बघून मावशीनं छातीला घट्ट फडकं बांधून दिलं आणि माझ्याजवळ बसून राहिली.

योहानला मीच सांगितलं. चेहऱ्यावरच्या पट्ट्या अजून निघाल्या नव्हत्या. त्यानं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड वळवलं. मुलगा की मुलगी, एवढंही विचारलं नाही.

तो घरी आला तेव्हा पावसाळा संपला होता. चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी झालेली, ओठ वाकडा, गळ्याची कातडी ताणून बसलेली. आवाज म्हणजे नुसता घोगरा वारा. गल्लीतलं एक पोर त्याला बघून किंचाळलं आणि त्या दिवसापासून तो दाराकडे पाठ करून बसायला लागला. डोक्यावरून पंचा घ्यायचा. मी संध्याकाळी चटई घातली की तो उठून कोपऱ्यात जायचा. एकदा मी त्याच्यासाठी प्रार्थना करत असताना तो म्हणाला, "त्यात माझं नाव घेऊ नकोस."

मग मी नाव न घेता मागायला लागले.

तुम्ही एकटेपणाबद्दल विचारता ना, परक्या शहरात कसं वाटलं म्हणून? परकं शहर काहीच नाही. एका लहानशा खोलीत दोन माणसं, आणि एकाचं दुःख दुसऱ्याला हात लावू देत नाही, ते एकटेपण मी तेव्हा पाहिलं. पत्रात मी लिहायचे, सर्व ठीक आहे, प्रभूची कृपा आहे. "कृपा" शब्द लिहिताना हात थांबायचा.

मार्गरेटबेननी मला प्रसूतिगृहात आयाचं काम दिलं. मी म्हटलं, तिथं नको, दुसरं कुठेही द्या. त्या म्हणाल्या, दुसरं कुठे माझ्या हातात नाही. पहिल्या दिवशी एक बाळ माझ्या हातात आलं, रडणारं, लालबुंद, आणि मी ते पाळण्यात ठेवून मागच्या मोरीपाशी जाऊन बसले. मार्गरेटबेन शोधत आल्या. मला वाटलं, आता शास्त्रातलं काही सांगतील. त्या शेजारी ओल्या फरशीवर बसल्या, पांढऱ्या साडीसकट. "रडवुं होय तो रड, दीकरी," म्हणाल्या. माझं रडून झाल्यावर त्याही डोळे पुसून उठल्या आणि कामाला लागल्या. त्यांचं कोण गेलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसांत मी शास्त्र वाचायचे ते सांत्वनासाठी नव्हे. भांडायला वाचायचे. एकदा क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेचा भाग वाचत होते. लहानपणापासून कितीदा ऐकलेला. आणि पहिल्यांदा लक्षात आलं की तिथं तिच्या तोंडी एक शब्दही नाही. देवाची इच्छा, असं ती म्हणत नाही. आभार मानत नाही, तक्रार करत नाही. ती उभी होती, एवढंच लिहिलं आहे. वाटलं, एवढं मला जमेल. उभं राहायला जमेल. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, बाळं हातात घेतली. रोज जात राहिले. त्याला बळ म्हणायचं असेल तर म्हणा. मला तेव्हा ते बळ वाटत नव्हतं, पण सकाळी अंथरुणातून उठवणारं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

रविवारी देवळातून मी कबरस्तानात जायचे. मातीचा छोटा उंचवटा, कडेनं मी लावलेले गोटे. तिथं बसून आठवड्याचं सांगायचे. योहानला मी चल म्हटलं नाही असा महिना गेला नसेल. तो मान हलवून नाही म्हणायचा.

पुढच्या पावसाळ्यात तापीला पूर आला. सुरतेची जुनी माणसं अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात, पाणी इथपर्यंत होतं म्हणून. आमचं उधनं वाचलं, पण शहरात माणसं माळ्यांवर चढून बसली होती. पाणी ओसरून रस्ता सुटला तशी मी गेले. कबरस्तानाच्या फाटकापासून आत सगळीकडे काळा चिकट गाळ. मोठ्या कबरींचे क्रूस कुठे कुठे वर आलेले. लहान मुलांची ओळ नव्हतीच. गोटे नव्हते, उंचवटा नव्हता. मी गुडघाभर गाळात उभी राहून अंदाज घेत राहिले, इथं असेल, नाही, तिथं असेल. चपला गाळात रुतून राहिल्या.

घरी आले, पाय धुतले, स्वयंपाक केला. संध्याकाळी चटई घातली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवाशी बोलण्यासारखं माझ्याजवळ काही उरलंच नव्हतं. मूल नेलं, नवऱ्याचा आवाज नेला, आणि आता बसायला होती ती हातभर जागाही. सखूमावशीनं दारातून दोनदा डोकावून बघितलं आणि परत गेली.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. कोपऱ्यातून योहानचा घोगरा आवाज आला.

"आज पण नाही?"

मी म्हटलं, "काय?"

"प्रार्थना."

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

त्याला बोलायला कष्ट पडत. "तू करतेस तोवर वाटायचं, कोणीतरी करतंय."

मी तव्यावरची भाकरी उलटायचं विसरले. मग मी सगळं सांगितलं. गाळ, गोटे, चपला. सांगता सांगता ओरडायला लागले. हाताला लागेल ते उचलून आपटलं. मावशी धावत आली आणि दारातूनच परत फिरली. मी थकून बसले तेव्हा योहाननं विचारलं,

"नाव काय ठेवलंस तिचं?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"कृपा."

तो ते नाव पुटपुटत राहिला. त्याच्या घशातून "कृ" नीट निघत नव्हता. पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.

दुसऱ्या सकाळी त्यानं भिकाभाऊंकडून फावडं मागून घेतलं. दाराबाहेर पडताना डोक्यावरचा पंचा काढून कमरेला बांधला. गल्लीतली माणसं बघत होती. बसमध्ये एका बाईनं मुलाचं तोंड पदरात लपवलं. योहान खिडकीबाहेर बघत होता, पण त्यानं पंचा वर घेतला नाही.

कबरस्तानात आणखी लोक गाळ काढत होते. मार्गरेटबेन साडी खोचून घमेलं उचलत होत्या. त्यांनी योहानकडे सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आवो भाई," जसा तो दर रविवारी येत असावा. मी त्याला नेलं, म्हटलं, "या बाजूला कुठेतरी. नक्की सांगता येत नाही." तो खाली बसला. गाळावर तळहात ठेवला, थोडं पुढे सरकून पुन्हा ठेवला. मग उठला आणि म्हणाला, "सगळी ओळच आपली समजू."

आणि त्यानं ती सगळी ओळ साफ केली. कोणाकोणाची मुलं होती देव जाणे. गुजराती, गोवेकर, कोणी इंग्रज साहेबांच्या काळातलीही. गाळ उपसून त्यानं जुनी जमीन मोकळी केली, कडेनं विटा लावल्या. आम्ही त्यासाठी पुन्हा पुन्हा गेलो. काम संपलं त्या दिवशी, फावडं टेकवून, त्यानं आमचं एक गीत धरलं. गीत कसलं, नुसता श्वास आणि खरखर. सूर कुठेच लागत नव्हता. मी दुसऱ्या ओळीपासून धरलं. शेजारी काम करणाऱ्या बायका थांबल्या. मराठी शब्द त्यांना कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. त्या त्यांच्या शब्दांत म्हणायला लागल्या. त्या दिवशी कोणी वळून पाहिलं नाही.

मला माझं मूल परत मिळालं नाही, योहानला चेहरा मिळाला नाही. चमत्कार म्हणून सांगावं असं त्यात काही नाही. पण मी त्यानंतर देवाला, तू कुठे होतास, हे विचारायचं सोडलं. मित्राच्या कबरीपाशी प्रभूही रडला होता, हे मला ठाऊक होतंच. आता ते मी पाहिलंही होतं, ओल्या मोरीपाशी पांढऱ्या साडीत, आणि त्या गाळात फावडं टेकून.

योहानला एका लूमच्या कारखान्यात राखणदाराचं काम मिळालं. दुसरं मूल झालं नाही. सत्तरनंतर नगरकडची, जालन्याकडची काही ख्रिस्ती कुटुंबं उधन्याला कामाला आली आणि संध्याकाळी आमच्या चटईवर जमायला लागली. कधी चार माणसं, कधी आठ.

पपा गेले तेव्हा आम्ही दोघं गावी आलो होतो, तुम्हाला आठवत असेल. रविवारी देवळात बसले. सगळे शब्द आपले, सगळे सूर ओळखीचे, ज्यासाठी मी इतकी वर्षं झुरले ते सगळं. आणि मला फार एकटं वाटलं. तुम्ही सगळे प्रेमानं वागलात. दानिएल, तू म्हणालास, आता इथंच राहा, शाळेत दाजींना काम बघतो. पण योहान अंगणात बसला की तुम्ही मुलांना हळूच दुसरीकडे न्यायचात. आणि कृपाचं नाव कोणी घेतलं नाही. आई म्हणाली, "झालं ते विसर आता." तुमची चूक नव्हती. तुम्ही तिला पाहिलंच नव्हतं. दानिएल, मी तुला म्हटलं, "उद्या घरी निघतो." तू म्हणालास, "मग हे काय आहे?"

आता आई नाही, मार्गरेटबेन नाहीत. सखूमावशी मुलाबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला गेली, मग तीही गेली. योहान गेला तेव्हा त्याला त्या ओळीच्या शेजारीच जागा मिळाली. लूमची खटखट आता मला ऐकूच येत नाही. माझ्या मराठीत इतकं गुजराती मिसळलंय की तुमच्या सुना हसतात.

मी सकाळी ऊन चढायच्या आत तिथं जाते. विटांवरचा पाला काढते आणि बसून बोलते. काल भाजी काय केली, गुडघा कसा आहे, गल्लीत कोणाकडे नवीन बाळ आलं. सध्या तिथं नवा माळी आहे, तरुण आहे. पहिल्या दिवशी तो झारी घेऊन थबकला. इकडेतिकडे बघून त्यानं विचारलं, "कोनी साथे वातो करो छो, बा?"

मी म्हटलं, "मारा घरनां साथे, भाई."

त्यानं मान डोलावली आणि पाणी घालायला पुढे गेला.